नऊ वाचकांचा लेखक

ब्लॉगकर हे आडनाव तुम्हाला टेलिफोनच्या डिरेक्टरीत सापडायचं नाही, पण हा गृहस्थ तुम्ही पाहिलेला आहे. 2005-06 च्या सुमारास ज्या ज्या घरात ब्रॉडबँडची तार पोचली आणि त्या घरात मराठी माध्यमातून शिकून इंजिनियर झालेला, दहावीला मराठीत बरे मार्क पडलेला आणि पुढे त्या मार्कांचं काय करायचं हे न कळलेला एक मुलगा होता, त्या त्या घरात हा उपजला. कुणी कोथरूडला होता, कुणी सिंगापुरात, बरेचसे अमेरिकेत. अमेरिकेतले उकडीच्या मोदकांवर लिहीत, कोथरूडचे आपण अमेरिकेहून परत का आलो यावर. मी सांगतोय तो डोंबिवली पूर्वेचा, फडके रोडपासून चालत सात मिनिटं. नवी मुंबईतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला.

दिसायला काही विशेष नाही. चष्मा, पोटाशी धरलेली लॅपटॉपची सॅक आणि कुणाचं तरी बोलणं आत्ताच मनात टिपून घेतल्याचा भाव. गाडी वेळेवर आली की तो थोडा खट्टू व्हायचा. ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बरच्या फलाटाकडे धावताना कुणाची चप्पल तुटली, कुणी कुणाच्या खानदानाची चौकशी केली, की याचा दिवस सार्थकी लागायचा. "यावर लिहिलं पाहिजे," असं तो म्हणायचा आणि रात्री खरोखरच लिहायचा. मराठीत यातली पहिली गोष्ट सगळे करतात.

ब्लॉग उघडायला त्याला पाच मिनिटं लागली, त्यावर मराठी उमटवायला तीन रविवार. तो काळच तसा होता. विंडोज एक्सपीत देवनागरी होती, पण झोपलेली. कंट्रोल पॅनेलच्या पोटात शिरून, एका चौकोनात खूण करून, विंडोजची मूळ सीडी घातली की ती जागी व्हायची. आणि मूळ सीडी डोंबिवलीत कुणाकडे असणार? ती कुठून तरी पैदा झाली. मग बरहा, मग गमभन, मग 'ज्ञ' कुठल्या कळा दाबल्यावर निघतो यावर दोन रात्री. एवढं करून पहिली नोंद चढवली. पहिली प्रतिक्रिया मस्कतच्या मित्राची आली, रोमन लिपीत: 'सुंदर!' पुढे फोनवर उलगडा झाला की मित्राच्या पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत होते.

"मग सुंदर काय होतं?" ब्लॉगकरने विचारलं.

"मांडणी," मित्र म्हणाला.

टोपणनाव घेतलं होतं. ते इथे सांगत नाही, कारण आता ते त्याला आवडत नाही. ब्लॉगच्या माथ्यावर 'मनात येईल ते' असं लिहिलेलं होतं, आणि तसंच चालायचं. ऑफिसातल्या अप्रेजलवर लिहिलं. त्यात साहेबांचं नाव 'टेम्प्लेट' होतं, कारण ते सगळ्यांना एकच शेरा द्यायचे. सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त लिहिलं. पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरी आणि खजिनदार यांच्यात झालेला संवाद त्यात शिव्यांसकट होता, आणि खाली 'ठराव एकमताने मंजूर'. स्टेशनजवळच्या एका निसर्गरम्य गृहप्रकल्पाच्या खिडकीतून कोणता निसर्ग दिसतो, तर नाला आणि त्यापलीकडे दुसरा निसर्गरम्य गृहप्रकल्प, हे फोटोसकट दाखवलं. वर्षभर भांडायचं आणि तीन दिवस जेवायला जमायचं याला साहित्य संमेलन म्हणतात, असं एक वाक्य लिहून त्यावर तो महिनाभर खूश होता. आईच्या दुधीच्या भाजीवर एक लेख होता. त्यात त्याने दुधीला भाजीच्या यादीतून काढून बांधकाम साहित्यात घातलं होतं.

पण त्याची खरी नोंद म्हणजे 'जिलेबी'. मावसबहिणीचं लग्न. जिलेबी इतकी कडक, की एका आजोबांनी ती खिशात घालून ठेवली, घरी खलबत्ता आहे म्हणून. विहीणबाईंनी मानाच्या साडीची घडी उलगडून आतली किमतीची चिठ्ठी कशी वाचली, काकांनी आहेराची पाकिटं कोपऱ्यात बसून कशी मोजली, वराकडचे कोण कशावरून रुसले, आणि 'एक नातेवाईक' झारा घेऊन केटररच्या मागे कार्यालयाच्या दारापर्यंत कशी धावली. हा नातेवाईक म्हणजे मावशी. झाऱ्यातून गळणाऱ्या पाकाची रेघ स्वयंपाकघरापासून चपलांच्या ढिगापर्यंत गेली होती आणि तिच्यावरून वऱ्हाडी जपून पावलं टाकत होते, एवढं त्याने पाहिलं होतं आणि एवढंच लिहिलं होतं. मी ते ऑफिसात वाचलं आणि तोंडावर रुमाल धरून जिन्यात जाऊन उभा राहिलो.

वाचक आम्ही नऊ. यात मी एक, मस्कत एक, बाकीचे स्वतःच ब्लॉग लिहिणारे. तो त्यांचं वाचायचा, ते त्याचं वाचायचे. प्रत्येक नोंदीखाली 'पु.ले.शु.' पडायचं, म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. फारच आवडलं तर 'ह.ह.पु.वा.', म्हणजे हसून हसून पुरेवाट. कुणी टोचून बोललं तर शेवटी 'ह.घ्या.' जोडायचं, म्हणजे हलके घ्या; ते जोडलं की कशालाही अभय. एकमेकांना खो द्यायचे: आवडती दहा गाणी लिहा, न आवडणारे पाच पदार्थ लिहा. ब्लॉगच्या कडेला जगाचा एक छोटा नकाशा असे आणि जिथून कुणी वाचलं तिथे लाल ठिपका उमटे. एक ठिपका फिनलंडमध्ये होता. तिथे आपलं कोण आहे, हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्याच्यासाठी ब्लॉगकरने एकदा बर्फावर लिहिलं. बर्फ त्याने पाहिला होता तो फक्त रसवंतीगृहात.

खोटं कशाला बोलू, भंकसही पुष्कळ होती. 'आज काही सुचत नाही' या विषयावर त्याच्या अकरा नोंदी होत्या आणि एकेक दोन-दोन पानी. पण त्या अकरांतही तो स्वतः होता. पुढे जे सुचू लागलं त्यात तो सापडेनासा झाला, ती गोष्ट आता येतेच आहे.

त्याआधी जुलै 2006. 11 तारखेला मुंबईच्या लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. दोन-तीन दिवसांत केंद्राच्या दूरसंचार खात्याने इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना एक यादी धाडली: ही एवढी पानं बंद करा. पानं मोजकी होती, पण कंपन्यांना एखादं पान बंद करण्याची कला अवगत नव्हती. एका भाडेकरूला काढायचं म्हणून त्यांनी अख्ख्या चाळीला कुलूप घातलं. ब्लॉगस्पॉट, टाइपपॅड, जिओसिटीज, सगळं एका फटक्यात गायब. त्यात ब्लॉगकरचा दुधीही गेला.

त्या दिवसांत त्याची छाती दोन इंच वाढली होती. "सरकारला भीती वाटते," तो गाडीत म्हणाला.

"दुधीची?"

"लिहिणाऱ्याची. दुर्गाबाई भागवत कराडच्या साहित्य संमेलनात बोलल्या तेव्हाही हेच झालं."

"दुर्गाबाई आणीबाणीविरुद्ध बोलल्या. त्या तुरुंगात गेल्या."

"तत्त्व एकच," तो म्हणाला, आणि बसायला जागा मिळाली म्हणून बसला.

गंमत म्हणजे लिहायची खोली ब्लॉगर डॉट कॉमवर होती आणि वाचायची ब्लॉगस्पॉटवर. बंद झाली ती दुसरी. म्हणजे लिहायला पूर्ण मुभा, फक्त ते इथे कुणाला दिसायचं नाही, लिहिणाऱ्यालाही नाही. ते कुलूप थोड्याच दिवसांत निघालं. पण त्या अवधीत त्याने लिहिलेल्या नोंदी मी नंतर वाचल्या. इतका धीट तो पुन्हा कधीच झाला नाही.

त्याचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य कुठून येत होतं, याचा उलगडा मला त्या नोंदींनी झाला. संविधानाच्या कलम 19(1)(अ) वर त्याची फार श्रद्धा. त्याच्या पुढच्याच 19(2) मध्ये वाजवी निर्बंध आहेत, हेही तो सांगायचा. पण साहेबांविषयी तो मोकळेपणाने लिहू शकत होता ते साहेबांना मराठी येत नव्हतं म्हणून. सेक्रेटरींविषयी लिहू शकत होता ते सेक्रेटरींच्या मते इंटरनेट ही रेल्वेचं तिकीट काढायची सोय होती म्हणून. आणि मावशीविषयी लिहू शकत होता, कारण मावशीला माऊस धरता येत नव्हता. संविधानाचा या तिघांशी काही संबंध नव्हता.

त्याला मात्र यात परंपरा दिसायची. "लोकहितवादींची शतपत्रं काय होती?" तो म्हणे. "ब्लॉगच! 1848 साली, भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये, टोपणनावाने. सरकारी नोकरी सांभाळून!" हे खरंच आहे. गोपाळ हरि देशमुखांनी, म्हणजे लोकहितवादींनी, शंभरावर पत्रं लिहून पुण्याच्या भटाभिक्षुकांना, आळशी सरदारांना आणि एकूणच आपल्या लोकांना जे सुनावलं, ते आजही सही करून लिहायची छाती फारशा लोकांना होणार नाही. पुढे ते न्यायाधीश झाले, रावबहादूर झाले. ब्लॉगकरच्या स्वप्नात यातला कोणता भाग येत असावा, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

रावबहादुरकीची सुरुवात स्टार माझा वाहिनीच्या 'ब्लॉग माझा' या स्पर्धेने झाली. त्याला बक्षीस मिळालं नाही. पण मिळालं तर चेक कुणाच्या नावाने निघणार, या काळजीपोटी त्याने भाग घेताना ब्लॉगवरचं टोपणनाव काढून तिथे स्वतःचं नाव, आडनाव, गाव आणि फोटो टाकला. फोटो लग्नातला होता, फेट्यातला. परत बदलायचं राहून गेलं.

वर्षभरात एका दैनिकाच्या रविवार पुरवणीतून फोन आला. तरुणांचं ताजं, बेधडक लिखाण हवंय; सहाशे शब्द. ब्लॉगकरने मला स्टेशनबाहेर उभं करून तो फोन तीनदा सांगितला, आणि 'बेधडक' हा शब्द तिन्ही वेळा निराळ्या आवाजात. पहिला लेख त्याने सभेच्या इतिवृत्ताचाच दिला. उपसंपादिकेचा फोन आला.

"छान आहे. 'च्यायला' चार वेळा आलंय. 'अरेच्चा' करू?"

"करा."

"आणि ते शेवटचं बिल्डरचं घेता येणार नाही. त्यांची पहिल्या पानावर जाहिरात आहे."

"त्यांचं नाव कुठे घेतलंय?"

"नाव नाहीये, पण नाला आहे ना."

सेक्रेटरींच्या घरी तो पेपर येत होता, म्हणून संवाद त्याने आपणहूनच सौम्य केला. छापून आला तेव्हा त्या लेखात सोसायटीचे सभासद एकमेकांना 'अरेच्चा' म्हणत पाण्याच्या टाकीवर विचारविनिमय करत होते. खाली ब्लॉगकरचा फोटो.

मग एकेक विषय गळत गेला. साहेब नकोत, त्यांची बायको पुरवणीतलं मराठी त्यांना वाचून दाखवते. राजकारण नको, त्यासाठी अग्रलेख आहे. नातेवाईक तर नकोतच. उरला पाऊस. पहिला पाऊस, आजोळचा पाऊस, पावसातली भजी, चाळीतली गळती आणि त्या गळतीखाली लावलेल्या पातेल्यांतलं संगीत. चाळीत तो कधी राहिला नव्हता, पण सदरात त्याची चाळ इतकी रंगली, की गिरगावातून पत्रं यायला लागली. पूर्वी त्याला वाचून लोक हसायचे, आता लोकांचे डोळे पाणावू लागले. आपल्याकडे पाणावणं हे हसण्यापेक्षा वरच्या दर्जाचं समजतात. त्यामुळे हा दर्जा वाढल्याचाच पुरावा ठरला. एका रविवारी 'आईच्या हातचा दुधी' आला. त्यात ती चव, तो वाफाळता भात, ते मायेचे हात. आईने तो चष्मा लावून वाचला.

"कुणाच्या आईबद्दल आहे हे?" तिने विचारलं.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवी. मोठ्या वाचकवर्गात अशी माणसं असतात, जी आम्हा नऊ जणांत नव्हती. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पाणी न्यावं लागत होतं. त्याच दिवसांत ब्लॉगकरने पावसाच्या आठवणींचा आणि भज्यांचा एक जुना लेख फेसबुकवर पुन्हा चढवला. खाली एका मराठवाड्याच्या वाचकाने लिहिलं, की आमच्याकडे हंड्यासाठी नंबर लागलेत आणि तुम्हाला भजी सुचतात. त्या माणसाचं बरोबर होतं. नऊ वाचकांच्या ब्लॉगवर हे ब्लॉगकरला जन्मात कुणी सुनावलं नसतं, कारण आम्हा नऊही जणांच्या नळाला पाणी होतं. यावर ब्लॉगकरला दोन गोष्टी करता आल्या असत्या: गप्प बसून विचार, किंवा उलट उत्तर. त्याने तिसरी केली. माफी मागून लेखातली भजी काढली. राहिला तो नुसता पाऊस, म्हणजे जो मूळ आक्षेपाचा विषय होता. तेव्हापासून त्याचं प्रत्येक लिखाण 'कोणाच्याही भावना दुखावण्याचा हेतू नाही' या वाक्याने सुरू होतं. परवा त्याने 'घरच्या घरी खरवस' लिहिला, त्यालाही हे वाक्य होतं.

पुस्तकाचं थोडक्यात सांगतो. निवडक नोंदी, हजार प्रती, सावित्रीबाई फुले कलामंदिरात प्रकाशन, शाल, श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांनी पुस्तक सोडून इतर सर्व विषयांवर केलेलं भाषण. 'जिलेबी' वगळली होती. मजकूर ब्लॉगवरून थेट उचलल्यामुळे 'अधिक माहितीसाठी इथे टिचकी मारा' हे वाक्य अधोरेखित होऊन बावीस ठिकाणी छापलं गेलं. त्याच्या सोसायटीतले एक निवृत्त मुख्याध्यापक पुस्तक घेऊन त्याच्या घरी आले आणि म्हणाले, "मारली. काही होत नाही."

फेसबुकवर त्याची मित्रसंख्या पाच हजारांच्या मर्यादेला जाऊन टेकली. ब्लॉग ओस पडला. आम्ही जुने वाचक गुगल रीडरमधून त्याच्याकडे जायचो. 1 जुलै 2013 ला गुगलने रीडर बंद केला, तेव्हा ती पायवाटही बुजली. पण तोवर तो लिहीत तरी काय होता? नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न केला, मैत्रिणीने तो 'लाइक' केला, आणि पोलिसांनी दोघींना अटक केली. देशभर गदारोळ झाला. दुर्गाबाईंचा हा वारस त्या रात्री जागा होता, पण लिहीत नव्हता. आपण आजवर कशाकशाला लाइक केलंय, ते शोधून शोधून काढून टाकत होता. पहाटे साडेचारला त्याने एक मजकूर टाकला: 'डोंबिवलीत गुलाबी थंडी'. पुढे 24 मार्च 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात, पालघरच्या त्या दोघींनाही लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 अ रद्द केलं. त्या दिवशी त्याच्या पानावर एकच शब्द होता: 'अभिनंदन!' कुणाचं, कशाबद्दल, काही नाही. त्याला भरघोस प्रतिसाद आला. बऱ्याच जणांनी 'थँक्यू' म्हटलं.

फेब्रुवारी 2017 मध्ये 90 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीतच भरलं. ग्रंथदिंडीत फेटा बांधून, गळ्यात ओळखपत्र घालून चालणारा ब्लॉगकर मला फूटपाथवरून दिसला. मी त्याला त्याच्या त्या जुन्या वाक्याची आठवण करून दिली.

"ते संदर्भ सोडून वाचू नकोस," तो म्हणाला.

"संदर्भ काय होता?"

"तेव्हा मला बोलावत नव्हते."

इतका खरा तो बऱ्याच दिवसांनी बोलला, म्हणून मी त्याच्याबरोबर चहापर्यंत गेलो.

याच सुमारास जिओ आलं आणि मावशी ऑनलाइन आली. नुसती आली नाही, 'गोतावळा' नावाच्या ग्रुपची ॲडमिन झाली. ब्लॉगकरने एका बैठकीत ब्लॉगवरच्या शंभरावर नोंदी मसुद्यात ढकलल्या, 'जिलेबी' सर्वात आधी. पण इंटरनेटवरून एकदा सुटलेलं लिखाण कुठल्या वाटेने घरी येईल, सांगता येत नाही. एके सकाळी गोतावळ्यावर सोसायटीच्या सभेचं ते मूळ इतिवृत्त आलं. चारही 'च्यायला' शाबूत. खाली: 'पु. ल. देशपांडे'. मावशीने पाठवलेलं, आणि सोबत, 'बंड्या, बघ, लिहायचं तर असं.'

ब्लॉगकरने फोन केला. "मावशी, ते माझं आहे."

"काय तुझं आहे?"

"तो लेख. मी लिहिलाय. थोर वगैरे नाही, पण माझा आहे."

"बंड्या, तुझं मी दर रविवारी वाचायचे. तुझं असं नसतं."

"अगं, त्यात ब्रॉडबँडचा उल्लेख आहे! पु. ल. 2000 साली गेले!"

मावशी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणूनच ते मोठे. किती पुढचं दिसायचं त्यांना."

तो दिवसभर कुणाशी बोलला नाही. संध्याकाळी मला म्हणाला, आनंद व्हायला हवा की दुःख, ठरत नाहीये. मी त्याला ह.घ्या. म्हटलं.

आता त्याचं बरं चाललंय. मसाल्याच्या एका कंपनीबरोबर त्याचं 'कोलॅब' आहे. व्हिडिओत तो दुधीची भाजी खातो, डोळे मिटतो आणि आजोळ आठवतो. शाळा-कॉलेजांतून 'व्यक्त व्हा!' या विषयावर व्याख्यानं देतो. भाषणाच्या आधी आयोजकांना विचारून घेतो, की काय काय बोलायचं नाही. सध्याच्या वादांवर त्याचं मत विचारलं तर दोन्ही बाजूंनी विचार व्हायला हवा असं त्याचं ठाम मत असतं.

त्याची मुलगी सतरा वर्षांची आहे. इन्स्टाग्रामवर तिची दोन खाती. एक उघडं, त्यात नाक्यावरचा सूर्यास्त आणि कॉलेजचे डेज. दुसरं बंद दाराचं, त्यात अकरा मैत्रिणी-मित्र; तिथे ती काय लिहिते, ते अकरा जणांना ठाऊक. ब्लॉगकरने तिथे प्रवेश मागितला. तिने नाकारला. त्याने बायकोमार्फत रदबदली केली. तिने बायकोलाही नाकारलं.

"मी या क्षेत्रातला आहे," तो तिला म्हणाला. "एके काळी माझंही असंच होतं. मनात येईल ते."

"माहितीये. वाचलंय."

"कुठे? ते तर मी काढून टाकलंय."

"वेबॅक मशीनवर आहे ना. जुनी पानं साठवून ठेवतात ते. आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी वाचलं. ते जिलेबीचं तर आम्ही व्हॉइस नोट करून ऐकतो. बाबा, तो माणूस भारी लिहायचा."

"तो माणूस काय? मी आहे तो."

"हो, पण तू आता असं बोलत नाहीस ना." तिने फोन पाहता पाहता पुढे सांगितलं, "मावशीआजीलाही पाठवलं मी."

पुढचा प्रसंग मी तिथे होतो म्हणून सांगू शकतो. ब्लॉगकर पांढरा पडला. त्याने पाणी मागितलं. मग त्याने माफीचा मसुदा टाइप करायला घेतला, 'कोणाच्याही भावना'पर्यंत आला, आणि मावशीचा फोन वाजला. तो उचलेना, म्हणून मुलीने उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"बंड्या, वाचली मी तुझी जिलेबी," मावशी म्हणाली. "किती चुका आहेत रे त्यात! कडक झाली होती ती केटररमुळे नाही, तुझ्या काकांनी पाकातली साखर मोजून दिली होती म्हणून. ते कुठे लिहिलंयस? आणि विहीणबाईंनी चिठ्ठी एकदा नाही वाचली. दोनदा वाचली. दुसऱ्यांदा चष्मा लावून. लिहून घेतोयस ना?"

"मावशी, मला वाटलं तुला राग…"

"राग आलाच आहे. झारा घेऊन धावले मी, अख्ख्या कार्यालयाने पाहिलं, व्याही बाजूला झाले, आणि तू काय लिहितोस, 'एक नातेवाईक'? नाव घाल माझं."